आवारातल्या घुशी आणि पेस्ट कंट्रोलवाला

पावसाळा सरत आला की अनेक शाळांच्या आवारात एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. कुंपणाच्या भिंतीलगत भुसभुशीत मातीचे ढीग येतात. व्हरांड्याच्या जोत्याखाली हाताची मूठ जाईल एवढे भोक पडते. पाण्याच्या टाकीजवळची एखादी फरशी पाय ठेवताच पोकळ वाजते आणि महिन्याभरात खचते. मग शिक्षकांच्या बैठकीत विषय निघतो, "घुशी फार झाल्या आहेत, कुणाला तरी बोलवायला हवे." वर्गणी निघते, पेस्ट कंट्रोलवाला येतो, बिळांमध्ये काहीतरी टाकतो, पैसे घेऊन जातो. आठ-पंधरा दिवस शांततेत जातात आणि दिवाळीची सुट्टी संपवून शाळा भरते तोवर ढीग पुन्हा आलेले असतात.

माणसाने फसवले असे आपण म्हणतो. कधीकधी ते खरेही असते. पण त्याने काम चोख केले असतानाही असेच घडू शकते, आणि उलट, काम चोख झाले असे वाटत असतानाच आपल्या मुलांना मोठा धोका निर्माण झालेला असू शकतो. बिळात कोण राहते, त्यात टाकलेले औषध नेमके काय करते, ते कुठवर पोहोचते आणि काम झाले की नाही हे मोजायचे कसे, हे चार प्रश्न समजले तर योग्य माणूस निवडता येईल. हे चारही प्रश्न विज्ञानाचे आहेत आणि त्यांची उत्तरे शाळेच्या आवारातच शोधता येण्यासारखी आहेत.

बिळात कोण राहते?

आवारातले प्रत्येक भोक घुशीचे नसते. साप स्वतः बीळ खणत नाहीत, दुसऱ्याच्या आयत्या बिळात राहतात. चिचुंद्रीला आपण उंदरांच्या रांगेत बसवतो, पण ती कृंतक गटातली नाही. तिचे तोंड लांब व निमुळते असते, अंगाला उग्र वास असतो आणि ती झुरळे व किडे खाते. तिच्यासाठी पैसे खर्च करण्याचे कारण नाही. मोठमोठी बिळे खणून जमीन पोखरणारे आपल्याकडचे मुख्य प्राणी म्हणजे घुशींच्या दोन जाती. मोठी घूस, बँडिकोटा इंडिका, अर्ध्या किलोपासून एक किलोपर्यंत भरते. लहान घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस, साधारण पाव किलोच्या आसपास असते. शेतात, धान्याच्या गोदामात आणि शहरातल्या वस्त्यांत सर्वाधिक उपद्रव या लहान घुशीचाच होतो. कोलकात्याच्या गोदामांतील या प्राण्याचा सविस्तर अभ्यास जुआन स्पिलेट यांनी केला होता. तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. बंदरांच्या शहरांत यांच्या जोडीला तपकिरी उंदीरही बिळे करतो.

घुशीचे इंग्रजी नाव 'बँडिकूट' हे मूळ तेलुगू आहे. तेलुगूत तिला 'पंदिकोक्कु' म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. डिवचली की ती खरोखरच डुकरासारखी गुरगुरते. ऑस्ट्रेलियातल्या, पिशवीत पिले वाढवणाऱ्या एका वेगळ्याच प्राण्याला युरोपीय लोकांनी हेच नाव देऊन टाकले. दोघांचे काही नाते नाही.

लहान घुशीचे बीळ ओळखायला सोपे असते. तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो आणि पुष्कळदा आतून माती लोटून तोंड बंद केलेले असते. आत बोगद्यांचे जाळे, पिलांसाठी गवताचे घरटे, धान्य साठवण्याच्या खोल्या आणि संकटात निसटून जाण्यासाठी जादा वाटा असतात. बहुधा एका बिळात एकच प्रौढ प्राणी राहतो. पिले असलेली मादी तेवढी याला अपवाद. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मोजणीसाठी उपयोगी पडणार आहे.

कृंतकांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण एनॅमलचा थर असतो. मागची बाजू मऊ असल्याने लवकर झिजते आणि दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप येत राहते. म्हणूनच कच्च्या चुन्याचा गिलावा, लाकडी चौकटी, वायरी आणि प्लास्टिकचे नळ यांच्यापुढे टिकत नाहीत.

दहा मारले तरी दहा परत का येतात?

लहान घुशीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. एका वेळी सहा-आठ पिले होतात आणि ती तीनेक महिन्यांत स्वतः विणीला येतात. आता एक साधे गणित करू. समजा, शाळेच्या आवारात मिळणाऱ्या अन्नावर व आडोशावर वीस घुशी जगू शकतात. त्यातल्या पंधरा मेल्या, पाच उरल्या. पाचांत दोन माद्या आहेत आणि प्रत्येकीला दरवेळी सहा पिले होतात असे धरा. दोन विणींत चोवीस पिले झाली. त्यातली काही दगावली तरी संख्या पुन्हा विसावर येते. शिवाय रिकामी झालेली बिळे शेजारच्या शेतातल्या घुशींना आयतीच मिळतात.

वीस हा आकडा कशाने ठरतो? अन्न, पाणी आणि आडोसा यांनी. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दीर्घकाळ काम केले. नुसत्या विषाने कमी झालेली संख्या पुन्हा पूर्वीवर येते, पण कचरा आणि आडोसा कमी केल्यावर खाली आलेली संख्या खालीच राहते, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले.

शाळेच्या बाबतीत याचा अर्थ उघड आहे. दुपारच्या खिचडीचे खरकटे जिथे टाकले जाते, तांदळाची पोती जिथे भिंतीला टेकून जमिनीवर ठेवलेली असतात, हात धुण्याच्या नळाखाली जिथे बारमाही ओल असते आणि मोडक्या बाकांचा ढीग जिथे वर्षानुवर्षे पडून असतो, तिथून घुशी आज हाकलल्या तरी उद्या परत येणार. आवारात पाऊल टाकताच "खरकटे कुठे टाकता?" असे विचारणारा पेस्ट कंट्रोलवाला आपले काम जाणणारा आहे, असे खुशाल समजावे.

विषारी आमिष: उंदीर शिकतो कसा?

उंदीर आणि घुशी यांना उलटी करता येत नाही. एकदा पोटात गेलेले बाहेर टाकण्याची सोय नाही, म्हणून खाण्यापूर्वीच सावध राहणे त्यांच्या स्वभावात उतरले आहे. नवी वस्तू दिसली की ते पहिले काही दिवस तिच्यापासून दूर राहतात. नंतर अगदी थोडे चाखून पाहतात. चाखल्यावर काही वेळातच त्रास झाला, पण जीव वाचला, तर त्या चवीचा पदार्थ ते पुन्हा तोंडात घेत नाहीत. १९५५ साली जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर नेमके हेच दाखवले. गोड पाणी पिताना किरणोत्साराने आजारी पडलेले उंदीर पुढे गोड पाणी टाळू लागले.

बाजारातली काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, जठरातल्या आम्लाशी संयोग पावते.

झिंक फॉस्फाइड + हायड्रोक्लोरिक आम्ल → झिंक क्लोराइड + फॉस्फिन वायू

फॉस्फिन हा अतिशय विषारी वायू पेशींचे श्वसन बंद पाडतो. परिणाम काही तासांत दिसतो, आणि नेमकी हीच या औषधाची अडचण आहे. कमी मात्रा घेऊन वाचलेली घूस त्या आमिषाकडे पुन्हा फिरकत नाही. म्हणून जाणकार माणूस आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवतो. घुशी निर्धास्तपणे खाऊ लागल्या की मगच एकदा विषारी आमिष देतो. पहिल्याच दिवशी विष टाकून जाणारा आपले पैसे तर वाया घालवतोच, पण उरलेल्या घुशींना शहाणे करून जातो.

दुसऱ्या प्रकारच्या औषधांचा इतिहास मोठा रंजक आहे. अमेरिका आणि कॅनडात १९२० च्या सुमारास गाईगुरे रक्तस्रावाने मरू लागली. कारण निघाले कुजलेल्या स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचे. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या गटाने १९३९-४० साली त्या चाऱ्यातले, रक्त गोठू न देणारे द्रव्य वेगळे काढले व त्याची रचना शोधली. त्यावरून पुढे तयार झालेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे औषध म्हणून बाजारात आले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. आज तेच वॉरफरिन मोजक्या मात्रेत, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून माणसांना दिले जाते.

या औषधांनी मृत्यू यायला काही दिवस लागतात. त्यामुळे पोटातला त्रास आणि चार दिवसांपूर्वीचे खाणे यांचा संबंध उंदराला जोडता येत नाही आणि तो आमिष टाळायला शिकत नाही. मात्र १९५८ साली स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला दाद न देणारे उंदीर आढळले आणि अधिक तीव्र औषधांची गरज भासू लागली. आपल्याकडे वापरले जाणारे ब्रोमाडिओलोन हे त्या नंतरच्या पिढीतले. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात चुकून गेल्यास याच्यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे. झिंक फॉस्फाइडवर असा खास उतारा नाही. दुकानात सहज मिळणाऱ्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवरही नाही. ती यकृत निकामी करते. ही पेस्ट शाळेत आणूच नये.

ब्रोमाडिओलोनचा तोटाही सांगायला हवा. ते खाल्लेल्या उंदराच्या यकृतात टिकून राहते. असा सुस्तावलेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला की औषध त्यांच्या अंगात जाते. युरोप-अमेरिकेत मृत घुबडांच्या यकृतांत ही औषधे सापडली आहेत. गव्हाणी घुबड आणि धामण हे आपले फुकटचे उंदीर-शिकारी. त्यांनाच विष चारून उंदीर कमी करण्याची भाषा करणे शहाणपणाचे नाही. म्हणून मेलेले प्राणी रोज गोळा करून खोल पुरणे हा कामाचा भाग आहे, आणि तो कोण करणार हे आधीच ठरवून घ्यावे.

बिळात सोडलेला वायू कुठे जातो?

तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात टाकून तोंड मातीने बंद करतात. जमिनीतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन सुटतो.

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड + पाणी → अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड + फॉस्फिन वायू

धान्याच्या गोदामात किडे मारण्यासाठी या गोळ्या वापरतात. मोकळ्या शेतातल्या बिळांसाठी त्या परिणामकारक आहेत. पण शाळेचे आवार म्हणजे मोकळे शेत नव्हे. घुशीचे बीळ ही एक नळी असते, आणि ती नळी कुठे जाते हे वरून दिसत नाही. भिंतीपासून पाच पावलांवर दिसणारे तोंड आतून जोत्याखाली, फरशीच्या पोकळीत उघडत असू शकते. फॉस्फिनचा रेणुभार ३४, हवेचा सरासरी २९. हवेपेक्षा काहीसा जड असलेला हा वायू अशा पोकळीत साठतो आणि फरशीच्या सांध्यांतून, भिंतीच्या भेगांतून खोलीत शिरतो. लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येईल असे सांगतात, पण तो वास मुख्यतः अशुद्धींचा असतो. वास आला नाही म्हणून वायू नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. विषबाधेची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, उलट्या अशी होते. घरचे लोक अन्नातून विषबाधा झाली असे समजतात आणि मोलाचा वेळ जातो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या लेटन गावी फेब्रुवारी २०१० मध्ये एका कुटुंबाने अंगणात बिळे करणाऱ्या व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांसाठी व्यावसायिक पेस्ट कंट्रोल कंपनीला बोलावले. कंपनीच्या माणसाने घराला अगदी लागून असलेल्या बिळांत याच गोळ्या टाकल्या. वायू घरात शिरला. चार वर्षांची एक आणि सव्वा वर्षाची दुसरी, अशा दोन सख्ख्या बहिणी दगावल्या. इमारतीपासून १५ फुटांच्या आत वापरू नये असा नियम तेव्हाही होता. पण तो पाळला गेला नाही. या घटनेनंतर त्याच वर्षी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी जागांच्या परिसरात या गोळ्या वापरण्यास पूर्ण मनाई केली आणि इतर इमारतींसाठी अंतर १५ फुटांवरून १०० फूट केले.

आपल्या देशातही असे घडले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूर येथे एका कुटुंबाने घरातल्या उंदरांसाठी पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावले. औषध ठेवून ते निघून गेले. त्या रात्री कुटुंब त्याच घरात झोपले. दोन लहान मुले गेली, आईवडिलांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

दोन्ही घटनांत काम 'व्यावसायिकाने'च केले होते. म्हणून व्यावसायिक बोलावला की आपली जबाबदारी संपली असे समजू नये. त्याला प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपलीच राहते. भारतात अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड कोणालाही खुलेपणाने विकता येत नाही. सरकारी संस्था आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोल करणारे यांनाच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते वापरता येते. तरीही कोणी "एका गोळीत काम होईल" म्हणत खिशातून डबी काढली तर त्याला नम्रपणे परत पाठवावे. मुले वावरतात त्या इमारतीजवळ वायू नको, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिढ्यान्‌पिढ्यांचे जाणकार

विषाशिवाय हे काम करणारे लोकही आपल्याकडे आहेत. रायगड-ठाण्याकडचे कातकरी भातकापणीनंतर शेतातली उंदरांची बिळे खणून प्राणी आणि आत साठवलेले भात बाहेर काढतात. तमिळनाडूतले इरुळा लोक साप पकडण्यासाठी प्रसिद्ध आहेत. १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सर्पविषाची सहकारी संस्था उभी राहिली आणि २०२३ मध्ये वडिवेल गोपाल व मासी सदैयन या दोन इरुळा सापतज्ज्ञांना पद्मश्री जाहीर झाली. उंदीर पकडणे हाही या जमातीचा जुना व्यवसाय आहे. मडक्यात पेटवलेल्या गवताचा धूर तोंडाने फुंकून बिळात सोडायचा आणि बाहेर पडणारा उंदीर धरायचा ही त्यांची पद्धत. त्यात फुंकणाऱ्याचे तोंड भाजते, धूर छातीत जातो. म्हणून पुढे हाताने फिरवायचा भाता जोडलेले लोखंडी यंत्र त्यांच्यासाठी तयार करण्यात आले.

या लोकांचे कौशल्य नेमके कशात आहे? चालू बीळ कोणते आणि सोडलेले कोणते, निसटण्याची वाट कुठे उघडेल, आत साप असल्याची खूण काय, हे त्यांना नुसत्या पाहण्याने कळते. ही निरीक्षणाची विद्या आहे. शाळेजवळ असा जाणकार असेल तर त्याला रीतसर मजुरी देऊन बोलवावे, आणि जमल्यास मुलांशी बोलायलाही सांगावे.

पैसे कशाचे द्यायचे?

१९०२ साली व्हिएतनाममधल्या हनोई शहरात फ्रेंच सरकारने मारलेल्या उंदरामागे बक्षीस ठेवले. पुरावा म्हणून शेपटी आणून द्यायची होती. शेपट्यांचे ढीग जमू लागले, पण रस्त्यांवर बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे ते पुन्हा वितील. काहींनी तर उंदीर पाळायला सुरुवात केली. ज्याचे पैसे द्याल तेच तुम्हाला मिळते, हा त्यातला धडा आहे.

म्हणून मेलेल्या घुशी मोजून किंवा टाकलेल्या औषधाच्या वजनावर पैसे देऊ नयेत. चालू बिळे किती कमी झाली, यावर द्यावेत. चालू बिळे मोजण्याची सोपी पद्धत कृषी शास्त्रज्ञ वापरतात. ती शाळेतही करता येते.

करून पाहा

आवाराचा नकाशा काढा. प्रत्येक बिळाला क्रमांक द्या. संध्याकाळी शिक्षकांनी किंवा शिपायांनी हातमोजे व बूट घालून, खोऱ्याने सर्व तोंडे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी लांबून पाहून उघडलेली बिळे नकाशावर रंगवावीत. ही चालू बिळे. समजा, २४ तोंडांपैकी १६ उघडली. उपाय केल्यानंतर दहा-बारा दिवसांनी पुन्हा सर्व तोंडे बुजवा. समजा, आता ४ उघडली. तर—

यश = (१६ − ४) ÷ १६ × १०० = ७५ टक्के

एका प्राण्याची अनेक तोंडे असतात, त्यामुळे ही घुशींची शिरगणती नव्हे. पण दोन्ही वेळा एकाच पद्धतीने मोजल्यामुळे तुलना विश्वासार्ह होते. मोजमाप निर्दोष नसले तरी सारखे असेल तर उपयोगी पडते, हे मुलांना समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. मोजणी दोन महिन्यांनी परत करा. आकडा चढू लागला असेल तर अन्न किंवा आडोसा कुठेतरी शिल्लक आहे.

एक सूचना कटाक्षाने पाळावी. मुलांनी बिळात हात किंवा काठी घालायची नाही आणि ओल्या मातीत अनवाणी जायचे नाही. साप असू शकतो हे एक कारण. दुसरे म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या मूत्रातले जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात टिकतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती.

आणखी एक लक्षात ठेवायचे. काहीही औषध टाकलेले नसताना उंदीर मरून पडू लागले तर ते गोळा करत बसू नका, ताबडतोब आरोग्य केंद्राला कळवा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला त्यानंतरच्या काळात 'उंदीर पडले' की माणसे घरे सोडून माळावर राहायला जात, हे आपल्या आजी-पणज्यांना ठाऊक होते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी यामागचा दुवा दाखवला, तो म्हणजे पिसू. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे रक्त शोधतात. म्हणूनच प्लेगच्या साथीत आधी पिसवांचा बंदोबस्त आणि मग उंदरांचा, असा क्रम असतो.

बोलावण्यापूर्वी आणि बोलावल्यावर

पहिले काम शाळेनेच करायचे आहे. खरकटे झाकणाच्या डब्यात, रोज बाहेर. धान्याची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, किंवा पत्र्याच्या कोठीत. गळके नळ दुरुस्त. अडगळ निकालात. जोत्याजवळची बिळे दगड, काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बंद करायची, पण आतला प्राणी गेल्याची खात्री झाल्यावरच. नव्या भिंतीलगत बारीक छिद्रांची मजबूत तारेची जाळी जमिनीत हात-दीड हात खोल पुरून, तळाशी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवली तर खणत आलेली घूस जाळीवर अडते आणि बहुधा माघार घेते.

एवढे करून घुशी उरल्या तर माणूस बोलवावा. त्याला पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. परवाना आहे का? कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना लागतो. तो पाहायला मागण्यात संकोच नको.

२. कोणते औषध वापरणार? नाव लिहून द्यावे. मूळ वेष्टन दाखवावे. "आमचे खास औषध आहे" हे उत्तर नव्हे.

३. पिंजऱ्यांनी किंवा खणून काम होईल का? घुशी थोड्या असतील तर पुष्कळदा होते.

४. आमिष कुठे ठेवणार? ते कुलूप असलेल्या पेटीत किंवा बिळात खोलवर हवे, उघड्यावर नाही. पेट्यांचे क्रमांक नकाशावर नोंदवावेत आणि शेवटी सर्व परत मोजून घ्यावेत.

५. काम केव्हा करणार? सुट्टीत. शाळा भरण्यापूर्वी उरलेले आमिष उचलले गेले पाहिजे.

६. मेलेले प्राणी कोण उचलणार आणि किती दिवस येणार?

७. परत केव्हा येऊन चालू बिळे मोजणार? पैशांचा शेवटचा हप्ता त्या मोजणीनंतर द्यावा.

औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेखाली ठेवावा. दुर्दैवाने काही घडलेच तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न "पोटात काय गेले?" हाच असतो, आणि उतारा आहे की नाही हे त्या एका नावावर ठरते.

या सात प्रश्नांची नीट उत्तरे देणारा माणूस कदाचित थोडे जास्त पैसे मागेल. तो एकदा नव्हे, चार वेळा येणार असतो, म्हणून ते रास्तच आहे. प्रश्न ऐकून जो चिडेल त्याला आवारात घेण्याची गरज नाही. शालेय व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत खर्चाचा विषय निघेल तेव्हा मुलांनी रंगवलेला बिळांचा नकाशा समोर ठेवावा. कुठे ढीग जास्त आहेत आणि खरकट्याचा खड्डा कुठे आहे, हे त्यावर एका दृष्टिक्षेपात दिसेल, आणि बहुधा पहिला खर्च झाकणाच्या डब्यांवर करायचा असे सर्वांच्याच लक्षात येईल.